माळवदावरचा पहारा

१

विट्यात नाथाजी फोटोवाल्याकडं फोटो काढायला जायचं म्हणजे आधी त्याची बोलणी खायची तयारी ठेवायची. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलं रे टेकलं की ह्याचं तोंड सुरू. "जरा पुढं या. आणखी जरा. आवं, खुर्ची चावतीय का तुमास्नी? हां, बास! आता हलायचं न्हाई. श्वाससुदिक बेतानं." मग काळ्या फडक्याखालून डोकं काढून तो भिंगावरचं टोपण उचलायचा आणि परत लावेपर्यंत समोरच्यावर असे डोळे रोखायचा की पैलवान गडीही घाबरून ताठ व्हायचा. तरी लोक हलायचेच. म्हाताऱ्यांची हनुवटी थरथरायची, नवऱ्या मुलाचा गुडघा नाचायचा, आणि काचेच्या प्लेटवर त्या जागी धुरकट फराटा उमटायचा. जित्या माणसाला स्तब्ध राहता येत नाही, हे नाथाजीनं आपल्या धंद्यात पुरतं ओळखलं होतं.

सेहेचाळीस सालचा पौष होता. लढाई संपली होती आणि नाथाजीचा धाकटा भाऊ जोतीराम ब्रह्मदेशातून धडधाकट परत आला होता. धडधाकट म्हणजे हातपाय जागच्या जागी होते, एवढंच. दिवाळीला तो घरी आला, तेव्हापासून एकाही रात्री झोपला नव्हता. दिवस मावळला की शिडी चढून माळवदावर जायचा आणि उजाडेपर्यंत उगवतीकडं तोंड करून उभा राहायचा. दिवसा कुठंतरी भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचा, तेवढीच काय ती झोप. डोळे खोल गेले, गालफडं बसली. त्यांची आई रंगूबाई त्याच्या ताटात तूप वाढायची आणि पाठ फिरवून पदरानं डोळे टिपायची. नाथाजीची बायको देवीच्या साथीत गेलेली. घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक हे असं.

जोतीरामाची बायको मनुबाई शिराळ्याला माहेरी होती. तिचे वडील हंबीरराव संक्रांतीला येऊन राहिले, जावयाला रात्रभर माळवदावर उभा बघितला आणि सकाळी चहालाही न थांबता नाथाजीला बाजूला घेतलं.

"नाथाजी, राग मानू नका. पोरगी मला जड न्हाई. जावई ज्या राती अंथरुणाला पाठ लावून झोपंल, त्याच्या दुसऱ्या दिशी मी सोता मनूला आणून घालतो. पर आज, अशा माणसाच्या खोलीत पोरीला कशी लोटू? तुमीच सांगा."

नाथाजी काय सांगणार कपाळ! म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. जोती झोपला पाहिजे. वैद्याचा काढा झाला, बिरोबाचा भंडारा कपाळी लावून झाला, मिरजेला जाऊन डॉक्टरला दाखवून झालं. डॉक्टर म्हणाले, ह्याचं मन कशात तरी गुंतवा.

आणि मन गुंतलं ते भलत्यातच. जोतीरामानं एक दिवस आपल्या लोखंडी पेटीतून मुठीएवढं जाडजूड भिंग काढलं. विमानातून जमिनीचे फोटो काढायच्या लष्करी कॅमेऱ्याचं होतं ते. नाथाजीच्या हातात ठेवून म्हणाला, "दादा, ह्यातनं चांदण्या घावतील बघ."

दिवाळीपासून आपणहून बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. नाथाजीला इतका आनंद झाला की त्याच दुपारी त्यानं सुताराकडं बसून ते भिंग आपल्या जुन्या कॅमेऱ्याला जोडून घेतलं.

२

त्या थंडीत मंगळ आणि शनी संध्याकाळी उगवतीला अगदी शेजारी-शेजारी दिसत होते. मंगळ तांबडालाल, शनी फिकट. पेठेतल्या बायका त्या जोडीचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवायच्या. शेजारच्या भामाबाईनं तर नाथाजीला रस्त्यात अडवून दम दिला, "आगाव काम करू नगंस. त्येंच्याकडं बघू न्हाई आन् बघून घिऊबी न्हाई."

"मला काय त्यांची सोयरीक जमवायचीय व्हय?" नाथाजी म्हणाला. "फोटूच काढायचाय."

पुनव होऊन गेली. चंद्र उशिरा उगवायला लागला, संध्याकाळी चांगला अंधार मिळायला लागला, तशी नाथाजीनं माळवदावर तिपाई मांडली. पूर्वेला घराच्या मागं नुसता माळ. झाड नाही, झुडूप नाही, कुसळाचं रान आणि पार लांबवर आभाळाला भिडलेली काळी कड. नाथाजीनं ती कडही फोटोत घेतली. पायाखाली जमीन नसलेलं चित्र त्याला बघवत नसे. आयुष्यभर उभी-बसलेली माणसं टिपली, त्याची सवय.

चांदण्यांचा फोटो खुर्चीवरच्या माणसासारखा झटक्यात निघत नाही. भिंगाचं टोपण काढून तास तासभर तसंच ठेवावं लागतं. तेवढ्यात आभाळ वर सरकतं, आणि एकेक चांदणी प्लेटवर ठिपक्याऐवजी तिरकी रेघ ओढत जाते. जमिनीवरचं मात्र सगळं जागच्या जागी राहतं.

नाथाजीनं टोपणाला हात घातला आणि अंगवळणी पडलेलं तोंडातून आपोआप निघालं, "जरा पुढं या. आणखी जरा. बास! आता हलायचं न्हाई."

मागं जोतीराम खुदकन हसला. लहानपणी हसायचा तसाच, नाकातून. "दादा, चांदण्यांनाबी दम देतुयास व्हय रं?"

ते हसू परत ऐकायला नाथाजी काय वाटेल ते करायला तयार होता. त्यानं मंगळाला वाकून नमस्कार घातला, "आवं पाव्हणं, शनिदेवाच्या अंगावर रेलू नका. जरा पुढं या," आणि जोतीराम पुन्हा हसला. दोघं भाऊ घोंगडी पांघरून टोपण लावायची वेळ होईपर्यंत बोलत बसले. खाली चुलीपुढं रंगूबाईनं ते हसणं ऐकलं आणि देव्हाऱ्यात साखर ठेवली.

सकाळी नाथाजीनं स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल कंदील लावून प्लेट धुतली आणि दुपारी कागदावर छाप घेतला. फोटो झकास निघाला होता. मंगळाची जाड रेघ, शेजारी शनीची, खाली बारीक बारीक चांदण्यांच्या कितीतरी. फक्त माळाच्या कडेला एका जागी तीन-चार रेघा तुटल्या होत्या. आल्या, तुटल्या, आणि जरा पलीकडं पुन्हा सुरू झाल्या. मधली जागा काळीकुळकुळीत, उभी, तांदळाच्या दाण्याएवढी.

झाड असंल, असं म्हणून नाथाजीनं फोटो भिंतीला लावला. माळावर झाड नाही हे त्याला जेवताना आठवलं.

३

नाथाजी देवभोळा नव्हता. चूक झाली की ती आपल्या हाताची, नाहीतर यंत्राची, असं मानणारा माणूस. त्यानं भिंग मऊ फडक्यानं पुसलं. कॅमेऱ्याचा घड्याघड्यांचा चामडी भाता उन्हात धरून भोकं शोधली. पुढच्या संध्याकाळी दुसरी प्लेट लावली. जोतीराम वाट बघत होता म्हणून पुन्हा तीच बडबड केली, पाहुण्यांना पुढं बोलावलं, दम दिला. दुसऱ्या छापातही रेघा त्याच ठिकाणी तुटल्या होत्या. दाणा आता गव्हाएवढा झाला होता.

दिवसाउजेडी तो माळावर चालत गेला. त्या जागेच्या अंदाजानं पार कडेपर्यंत गेला. कुसळं, दगडगोटे, आणि वाळक्या गवतात बसलेला वारा. तिथून मागं वळून बघितलं तर आपलं माळवद खेळण्यातल्या घरासारखं दिसत होतं. आपण इथं उभं राहून आपल्याच घराकडं बघतोय, ही गोष्ट त्याला एकाएकी आवडेनाशी झाली आणि तो झपाट्यानं परत फिरला.

वाटेत धुळा धनगर भेटला. शेजारच्या रानात खतासाठी त्याची मेंढरं बसवलेली असत. आज तो बिऱ्हाड आवरत होता.

"का रं धुळा? मुक्काम तर महिनाभर हुता न्हवं तुजा?"

"मेंढरं बसंनात, नाथाजीराव. पुनवेपास्नं समदी तुमच्या घराकडं त्वांड करून हुबी ऱ्हात्यात. माळाकडं पाठ. कुत्रीबी भुकत न्हाईत."

"लांडगं असंल."

"लांडग्याला आमची कुत्री भुकत्यात की," धुळा म्हणाला, आणि घोड्यावर बाचकं बांधायला लागला.

नाथाजीला राग आला. धुळाचा नाही, आपल्या छातीत जे धडधडलं त्याचा. फोटोवाल्यानं अंधाराला भ्यायचं म्हणजे कोष्ट्यानं सुताला भ्यायचं. तो घरी आला आणि मुकाट तिसरी प्लेट भरली.

४

तिसऱ्या छापात ती काळी जागा बोटभर उंच झाली होती. चौथ्यात तिला खांदे आल्यासारखे वाटले.

वाटले, असं नाथाजी स्वतःशी म्हणाला. रेघा तुटल्या की माणसाचं डोकं उरलेल्या जागेत आकार भरतं. ढगात हत्ती दिसतो तसा. पण एक गोष्ट त्याला गप्प बसू देईना. त्या जागेच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या. तिथं कुणी उभं असेल, तर ते तासभर उभं होतं आणि इतक्या वेळात केसाएवढंही हललं नव्हतं. श्वाससुद्धा बेतानं घेतला नव्हता, घेतलाच नव्हता.

आणि तासभर तो आणि जोतीराम तिकडंच बघत होते. डोळ्यांना मंगळ दिसत होता, शनी दिसत होता, त्यांच्या खालच्या चांदण्या एकूण एक दिसत होत्या. तुटलेलं काही नव्हतं. तुटत होतं ते फक्त प्लेटवर.

त्या संध्याकाळी त्याचं तोंड नेहमीसारखं चाललं नाही. तरी जोतीरामाकडं बघून त्यानं "जरा पुढं या" म्हटलं. जोतीराम हसला नाही. घोंगडं टाकून ताडकन उठला, टाचा जुळवल्या, हातात बंदूक असल्यासारखी छातीपुढं मूठ धरली आणि माळाकडं बघून ओरडला,

"थम! हुकमदार?"

आवाज माळावर गेला आणि कुठंच आपटला नाही. ती पहाऱ्यावरच्या शिपायाची आरोळी होती, कोण येतंय म्हणून विचारायची.

"जोती, कोण न्हाई रं तितं."

"थांबला," जोतीराम म्हणाला. "म्या थम म्हटलं की थांबतोय. तू पुढं या म्हणतुयास, मग येतोय."

नाथाजीनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. घाबरलेल्या जनावराच्या अंगासारखं त्याचं अंग आतून थरथरत होतं. "लढाई संपली गड्या," नाथाजी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "तू घरी हायस. विट्यात हायस."

मग त्यानं विचारलं, "जवाब न्हाई आला तर काय करायचं असतंय रं पहाऱ्यावर?"

"तीनदा इचारायचं. मग गोळी घालायची."

"तू कवा घातलीस?"

"एकदा," जोतीराम म्हणाला. मग घोंगडं ओढून घेतलं आणि पुन्हा माळाकडं बघायला लागला.

५

मग नाथाजीला पडसं झालं. घसा असा बसला की तोंडातून शब्द फुटेना. दोन संध्याकाळी त्यानं मुक्यानंच टोपण काढलं आणि मुक्यानंच लावलं. त्या दोन छापांत काळी जागा जिथल्या तिथं होती. तीळभरही वाढली नव्हती. रंगूबाईनं सुंठ-गुळाचा काढा पाजला, घसा सुटला, आणि सवयीनं, अगदी नकळत, टोपणाला हात लावताच ते शब्द गेले. त्या रात्रीच्या छापात काळ्या जागेचं डोकं शनीच्या रेघेपर्यंत पोचलं होतं.

नाथाजी छाप हातात घेऊन खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. जोतीराम दारात येऊन उभा राहिला, त्यानं छाप हातात घेतला, आणि नवल वाटल्याचं एक चिन्ह त्याच्या तोंडावर उमटलं नाही. गवंडी ओळंबा बघतो तसा बघितला.

"हां. इतं आलाय," तो म्हणाला. "दादा, तू आता बोलू नगंस. पर यंत्र लावत जा. रोज कुठवर आलाय ते कळाया पायजे मला."

त्याच दिवशी हंबीररावांचा निरोप आला. पौष संपत आलाय, जावयाचं काय? मनुबाईला तिची आत्या पाटणला न्यायचं म्हणते, तिकडं दुसऱ्या लग्नाचा विचारही निघालाय. रंगूबाईनं निरोप ऐकला आणि चुलीपुढंच मटकन बसली. "माझ्या लेकराचा संसार मोडला रं नाथा. त्येला एक रात झोपव. एकच रात."

नाथाजीनं सगळे छाप आणि भिंग पिशवीत घालून सांगलीची मोटार पकडली. सांगलीत दादासो हा त्याचा गुरुबंधू होता. दोघं मिरजेला एकाच उस्तादाकडं शिकले होते. दादासोनं भिंग उजेडापुढं धरलं, फिरवलं, आणि हसत सुटला.

"आरं येड्या! दोन काचा चिकटवून केलंय हे. मधला डिंक सुटत चाललाय. आज गव्हाएवढा सुटला, उद्या बोटाएवढा. प्लेटवर डाग वाढंल न्हाई तर काय व्हईल?"

"खरं?" नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या माणसाला असं रडू येतं तेव्हा बाकीचे खिडकीबाहेर बघतात, तसं दादासोनं बघितलं.

मग चहा झाला आणि नाथाजीनं भावाचंही सांगितलं. हुकमदारचं सांगितलं. दादासोचा मेहुणा पलटणीत होता. त्याला सगळं माहीत.

"मग कुणी जवाब देत का न्हाई? पहाऱ्यावरचा शिपाई जवाबाबिगर जागा सोडत न्हाई. कुणीतरी अंधारातनं 'दोस्त' म्हणा की. त्यो 'पास, दोस्त' म्हणंल आन् मोकळा व्हईल. मेहुण्याच्या पलटणीत एकाला असंच केलंतं."

किती सोपं! परतीच्या मोटारीत नाथाजी तो शब्द मनात घोळवत राहिला. पडसं झालं तेव्हा डाग का वाढला नव्हता, हा एक खडा तेवढा चपलेत राहिला. तो त्यानं तासगावच्या पुढं आठवायचा नाही असं ठरवलं, आणि खरोखर आठवला नाही.

६

ती अवसेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. नाथाजीनं रोजच्यासारखी तिपाई मांडली, एक अक्षर न बोलता टोपण काढलं, आणि खाली जाऊन येतो अशी खूण करून शिडी उतरला. आईला म्हणाला, "जोतीचं अंथरूण घालून ठेव."

तो घराला वळसा घालून मागं आला. माळ आणि घर यांच्या मधोमध कडब्याची गंज होती. तिच्या आडोशाला, माळाकडं पाठ करून, तो उभा राहिला. थंडी हाडांत शिरत होती. वर माळवदाच्या कडेला जोतीरामाची सावली दिसत होती, आणि त्या सावलीची त्याला इतकी कीव आली की आपण काय करतोय याची लाजसुद्धा वाटली नाही.

"थम! हुकमदार?"

नाथाजीनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"हुकमदार?" जोतीरामाच्या आवाजात आता विनवणी होती. कोणी तरी बोला, एवढंच मागणं. तिसऱ्या वेळेला ती आरोळी अर्ध्यात फाटली.

"दोस्त!" नाथाजी ओरडला.

सगळं शांत झालं. मग वरून हुंदका आला. तीन वर्षांचा दाबून ठेवलेला हुंदका.

"पास, दोस्त," जोतीराम म्हणाला. "सब ठीक."

नाथाजीच्या पाठीमागं कडबा सळसळला. वारा नव्हता. काहीतरी त्याच्या बाजूनं, हाताच्या अंतरावरून गेल्याचं त्याला जाणवलं. गेलं ते घाईनं नाही, बाजारातून घरी जाणारं माणूस जातं तसं. कुत्रं असंल, असं तो म्हणाला. मान वळवून मात्र बघितलं नाही. माळवदावर जोतीरामाची मान हळूहळू वळत होती, गंजीपासून दारापर्यंत. दारापाशी ती थांबली. मग तो शिडीवरून खाली उतरला.

नाथाजी घरात आला तेव्हा जोतीराम आतल्या खोलीत अंथरुणावर आडवा झाला होता आणि घोरत होता. रंगूबाई उंबऱ्यात बसून नुसती बघत होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. माय-लेकांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही रडली. नाथाजीला वाटलं, आयुष्यात एक काम धड झालं आपल्या हातून.

७

आनंदानं त्याला झोप येईना. माळवदावर जाऊन त्यानं टोपण लावलं, प्लेट खाली आणली. आता घाई कसली नव्हती, पण हाताला चाळा हवा होता. डाग किती वाढलाय ते बघू, आणि उद्या ते भिंग सांगलीला दादासोकडं देऊन टाकू, म्हणून त्यानं लाल कंदील लावला.

प्लेट धुतली, वाळवली आणि पहाटेच्या सुमाराला कागदावर छाप घेतला. मंगळ-शनी नेहमीसारखे. त्यांच्या खाली तीच काळी जागा. आता फोटोची निम्मी उंची खाणारी. पण आज तिच्या आतही रेघा होत्या. बाहेरच्या रेघा लांब होत्या, आतल्या आखूड. नाथाजी आधी चक्रावला, आणि मग त्याला समजलं. धंदाच होता त्याचा, न समजून कसं चालेल? ज्या वेळात बाहेरच्या चांदण्या चालत होत्या, त्यातल्या पहिल्या वेळात आतल्या झाकलेल्या होत्या. मग झाकणारं बाजूला झालं, आणि तिथून पुढं त्या सगळ्या मोकळ्या आभाळात निवांत चालल्या होत्या.

डिंक सुटतो. सुटलेला डिंक संध्याकाळी मध्येच परत चिकटत नाही.

माळ स्वच्छ झाला होता. तिथं आता कुणी नव्हतं.

नाथाजी छाप तसाच पाण्यात टाकून आत धावला. आई चुलीपुढं जाळ घालत बसली होती. तोंडावर असं समाधान, की दहा वर्षांनी लहान दिसत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू! झोपलाय अजून. आन् काय रं, त्यो दुसरा कवा आला?"

"कोण दुसरा?"

"जोतीचा दोस्त. पलटणीतला असंल. अंधारात त्येच्या पायाला ठेचाळले की मी. उघडाच पडल्ता बिचारा, निस्ता दगडावाणी गार. माझी वाकळ घातली तर गुडघ्यापतूर पुरंना. मग खाली तुझी जोडली. लय उंच हाय पोरगं."

नाथाजी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. चुलीचा जाळ मधूनमधून आत उजेड टाकत होता. जोतीराम कुशीवर झोपला होता, तोंड उघडं, लहान पोरासारखं. त्याच्या पलीकडं दोन वाकळा एकापुढं एक घातल्या होत्या, आणि त्यांच्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काहीतरी लांबलचक पडलं होतं. तोंडावरून पांघरूण घेतलेलं. जोतीरामाचा हात त्याच्या अंगावर विश्वासानं टाकलेला.

नाथाजीनं हाक मारायला तोंड उघडलं. रंगूबाईनं मागून त्याचं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार उठवशील तर! दिवाळीपास्नं पहिल्यांदा डोळा लागलाय त्येचा." मग तिचा आवाज लगेच मऊ झाला. "उजाडलं की शिराळ्याला मानूस धाड. जावई झोपला म्हणावं, आता शबूद पाळा. मनूला आजच घेऊन या."

जाळ भडकला. पलीकडच्या वाकळीची कड हळूच हलली आणि आतून ओढली गेली. थंडी वाजणारा माणूस झोपेत ओढतो तशी.

"अगं बाई, अजून गारठलंय लेकरू," रंगूबाई म्हणाली. कोपऱ्यातली पेटी उघडून तिनं घडी घातलेली नवी वाकळ काढली. मनुबाईच्या लग्नात शिवलेली. "राहू दे, मनू आली की तिला दुसरी शिवीन."

ती नाथाजीच्या बाजूनं आत गेली आणि वाकून ती वाकळ पलीकडच्यावर घालायला लागली. नाथाजीनं तिला अडवलं नाही. जोतीराम झोपला होता.